दर पावसाळ्यात त्याच जागी येणारा गंज

मृग लागायच्या आधी बंदूक पुसून, तेल लावून ठेवायची आणि पोळ्याला काढून पाहायची तर पुन्हा तांबूस. तेही ठरलेल्या दोन जागी: मधल्या कडीखाली (कडी म्हणजे नळी लाकडाला बांधणारं कडं) नळीच्या पोटाला, आणि निपलच्या (ठिणगी देणारी टोपी बसवायची घोड्याखालची छोटी नळी) बुडाशी. सहा वर्षं हे चाललं. दरवर्षी मी जास्त घासलं, जास्त तेल ओतलं, आणि दरवर्षी गंज जरा जास्तच आला. घरात जुनी फौजी बंदूक सांभाळणाऱ्या बहुतेकांचं दुखणं हेच असतं, म्हणून माझा सगळा तपास चुकांसकट लिहून ठेवतो.

आमची बंदूक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची. एनफिल्डच्या १८५३ च्या नमुन्याची, तीन कड्यांची. लॉकच्या (घोड्याच्या यंत्रणेच्या) पट्टीवर मुकुट, 'टॉवर' आणि १८६१ हे शिक्के. या नमुन्याची मूळ रायफल ३९ इंची नळीची, ०.५७७ इंच व्यासाची, आत तीन पेचदार चरे असलेली. आमचीत चरे नाहीत. १८५७ नंतर हिंदी शिपायांच्या हातात लांब पल्ल्याची रायफल देणं इंग्रजांना नको होतं, म्हणून त्यांच्यासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुका काढल्या, त्यातली ही. घरात तिला 'कामठीवाली' म्हणतात. नागपूरजवळच्या कामठीची छावणी १८२१ पासूनची, आणि आमच्या आर्वीकडच्या जुन्या वाड्यांमध्ये तिथून आलेलं काही ना काही असतंच.

कागदाचं आधी सांगतो, कारण गंजापेक्षा मोठी भानगड तिथे होते. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ जुन्या नमुन्याच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट देतं, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगं नसेल तरच. ते चालण्याजोगं आहे की नाही, हे आपण ओसरीवर बसून ठरवायचं नसतं. आमचीचं निपल वेल्डिंगने बुजवलेलं आहे आणि तसा कागद आहे. थ्री नॉट थ्री (०.३०३ इंची ली-एनफिल्ड रायफल) हे तर फौजी बोअर, म्हणजे नळीचा व्यास, निषिद्ध वर्गातलं. त्याचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, दिल्लीच्या गृह मंत्रालयाकडे जावं लागतं. साध्या परवान्यावरही २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. माळा झाडताना आजोबांची बंदूक निघाली तर ती मोटारसायकलवर बांधून शहरात दाखवायला नेऊ नका. जिथे आहे तिथे ठेवा आणि ठाण्यात कळवा. आणि खाली जे लिहिलंय ते फक्त सफाई आणि जपणूक. लॉक चालू करणं, निपल बदलणं ही परवानाधारक कारागिराची कामं.

हात लावण्याआधी एक तपासणी मात्र सोडू नका. ठासणीच्या जुन्या बंदुका भरलेल्या अवस्थेत निघतात. कोणीतरी रानडुकरासाठी भरली, डुक्कर आलं नाही, बंदूक खुंटीवर गेली आणि माणूसही गेला. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. नळीच्या तोंडासमोर न येता लाकडी काठी आत सरकवा, तोंडाशी पेन्सिलीने खूण करा, बाहेर काढून नळीच्या बाजूने धरा. काठीचं टोक निपलपर्यंत पोहोचायला हवं. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. मग पाणी नाही, तेल नाही, उकरणं तर नाहीच, जाणकाराला बोलवा.

आता गंज. मला पहिली चार वर्षं हेच समजलं नव्हतं की सगळा गंज सारखा नसतो. नळीवरचा गडद तपकिरी, काळसर, हाताला गुळगुळीत लागणारा थर हा जुना, थंडावलेला गंज. तो खालच्या लोखंडाला झाकतो, आणि संग्राहकाच्या लेखी तेच त्या वस्तूचं वय. भगवा, भुकटीसारखा, खवल्यांचा गंज मात्र जिवंत. पांढऱ्या सुती चिंधीवर दोन थेंब शिलाई मशीनचं तेल घ्या आणि हलक्या हाताने पुसा. चिंधी तपकिरी झाली तर चिंता नाही. भगवी झाली तर तिथे काम चालू आहे. मी पॉलिश पेपर घेऊन दोन्ही काढत होतो. एका उन्हाळ्यात मधल्या कडीजवळचा जुना थर पार पांढरा केला आणि खूश झालो. त्याच जागी श्रावणात सगळ्यात आधी गंज आला, कारण उघडं लोखंड मीच करून दिलं होतं. शिवाय नळीच्या कडेचा एक छोटा शिक्का गेला तो गेलाच.

चिंचेचा कोळ आणि लिंबू हे दुसरं घरगुती पाप. तांब्याच्या घागरीला चालतं म्हणून बंदुकीला चालत नाही. आंबट गंज काढतं, पण खड्ड्यात शिल्लक राहतं आणि आठ दिवसांत नवा गंज देतं. संडास साफ करायच्या आम्लाचं तर नावच नको; त्याची सैल झाकणाची बाटली त्याच कपाटात असली तरी नुसत्या वाफेने लोखंड भगवं होतं.

मग मी घासणं थांबवलं आणि एक वही घेतली. गंज कुठे येतो, केव्हा येतो, कसल्या आकाराचा येतो. या तीन गोष्टींवरून पाणी कुठून येतंय ते कळतं.

निपलच्या बुडाचा आणि नळीच्या आतला गंज सोपा निघाला. टोपीच्या मसाल्यात पारायुक्त फल्मिनेटसोबत पोटॅशियम क्लोरेट असायचं. टोपी फुटली की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे खाण्याच्या मिठाचा सख्खा भाऊ. काळ्या दारूची राखही अशीच, हवेतलं पाणी ओढणारी. हे क्षार लोखंडाच्या बारीक खड्ड्यांत शंभर-दीडशे वर्षं बसून राहतात आणि जुलै-ऑगस्टची हवा लागली की ओले होतात. त्यावर तुम्ही कितीही तेल ओता, मीठ तेलात विरघळत नाही. तेलाखाली मीठ सुखाने बसतं. रॉकेल, पेट्रोल, डिझेल यांचंही तेच. मीठ काढायला पाणीच लागतं. जुनी थ्री नॉट थ्रीची काडतुसं असाच क्षार सोडायची, म्हणून त्या काळच्या पलटणीत गोळीबारानंतर नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायची शिस्त होती. गंजलेल्या वस्तूवर पाणी ओतायचं म्हटलं की घरातले आपल्याकडे वेड्यासारखं पाहतात, पण इलाज तोच.

फक्त पाणी बोअरचं नको. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरे थर चढतात, ते नळीत कशाला? इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणायचं. आणताना बाटली नीट वाचा, त्याच दुकानात बॅटरीचं आम्लही असतं. नळी लाकडातून वेगळी केलेली असेल तरच हे करायचं. उकळून तोंडाकडून सावकाश ओतायचं, नळी तापली की पालथी करून निथळू द्यायची, मग पुन्हा. तापलेलं लोखंड स्वतःच वाळतं. वाळल्या वाळल्या, गरम असतानाच, तेलाची चिंधी फिरवायची. मी, नळी कशी काढायची ते कळल्यावर (ते पुढे येतंच), पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा केलं. एका धुण्यात खड्ड्यातलं सगळं मीठ निघत नाही. आणखी एक सावधगिरी: नळीचा मूळ रंग तपकिरी असेल तर ती उकळत्या पाण्यात बुडवू नका. तांबडा गंज उकळत्या पाण्यात काळा होतो, आणि तपकिरी रंग हा मुळात गंजच असल्याने तोही काळा पडतो. ज्यांची नळी मुळात काळी-निळी आहे त्यांना हाच गुण उपयोगी पडतो. तांबडा डाग काळा करून, सगळ्यात बारीक, चार शून्याच्या स्टील वूलने तेलात हलकेच पुसला की खालचा रंग वाचतो.

मधल्या कडीखालचा गंज सापडायला सुतारकाका लागले. मी ओसरीवर बंदूक पुसत बसलो होतो, ते पाटाची मापं घ्यायला आले होते. थोडा वेळ पाहून म्हणाले, "गुरुजी, तुमी वरून पुसून राह्यले, पानी तं आतमंदी बसलं हाये." मी म्हटलं, कशावरून? त्यांनी दस्त्याला (बंदुकीच्या लाकडाला) नखाने टिचकी मारली. "लाकूड पानी पेते अन् मंग लोखंडाले पाजते."

तोवर मी नळी लाकडातून कधी काढलीच नव्हती. भीती होती, आणि ती वाजवी होती, कारण चुकीच्या क्रमाने उघडली तर अक्रोडाचा दस्ता नळीच्या बुडाशी हमखास चिरतो. क्रम असा: आधी ठासणीचा गज काढायचा. घोडा अर्ध्या चापावर (अर्धा मागे ओढून अडकवलेला) आणून लॉकचे दोन्ही आडवे स्क्रू सैल करायचे आणि त्यांच्या डोक्यांवर लाकडी दांडीने हलके ठोकून लॉक बाहेर घ्यायचं; पट्टी चिमट्याने ओढायची नाही. मग तिन्ही कड्यांचे स्क्रू सैल करून कड्या पुढे सरकवायच्या, मग नळीच्या शेपटीवरचा मोठा स्क्रू. नंतर बंदूक गादीवर पालथी धरून नळी आपल्या वजनाने सुटू द्यायची. तोंडाकडून उचकटलीत तर लाकूड गेलं समजा. नळीच्या मागचं बूच कधीच फिरवायचं नाही. आणि पेचकस त्या त्या खाचेत घट्ट बसेल असा कानशीने घासून घ्या. जुन्या बंदुकीची किंमत जाणकार आधी स्क्रूच्या डोक्यांवरूनच करतो.

नळी निघाली आणि खाली कोरलेल्या खाचेत काळी, चिकट, ओलसर माती दिसली. ती माती म्हणजे माझं सहा वर्षांचं तेल, सरकीचा धुरळा आणि गंज. वरून लावलेलं तेल ओघळून तिथे जमलं होतं. लाकूड तेलाने मऊ झालं होतं, तरी पाणी प्यायचं थांबलं नव्हतं. मी खाच लाकडी कामटीने खरवडली, स्पिरिटच्या चिंधीने पुसली आणि चैत्राच्या कोरड्या हवेत आठ दिवस सावलीत उघडी ठेवली. उन्हात ठेवली असती तर वैशाखाच्या आत तडे गेले असते. मग खाचेला आतून मेणाचा पातळ हात दिला. नळीच्या पोटाला घट्ट पेट्रोलियम जेली, इतकी पातळ की बोटाला जेमतेम जाणवावी. कड्यांचे स्क्रू मी दर मे महिन्यात पिळून घट्ट करायचो, कारण लाकूड आटून त्या खुळखुळायच्या. तीही चूक. जुलैत तेच लाकूड फुगतं, कडीत जागा नसते आणि रेघ पडते. आता मे महिन्यात खुळखुळू देतो.

लाकडाला वरून काय लावायचं, यावर आपल्या भागाइतकं नशीबवान कोणी नाही. इंग्रज फौज दस्त्यांना कच्चं जवसाचं तेल लावायची, आणि घाणीचं जवस तेल आपल्याकडे घरात असतं. तळहातावर चार थेंब, गरम होईपर्यंत चोळायचं, उरलेलं पुसून टाकायचं, चार दिवस थांबायचं. उन्हाळ्यात वाळतं, पावसाळ्यात महिनाभर चिकट राहतं, म्हणून हे काम होळी ते अक्षय्य तृतीया एवढ्यातच. पण हे तेल लोखंडाला लावू नका. जवस हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, लॉकमध्ये पिवळी खळ बनते आणि घोडा अडकतो. आमच्या आजोबांनी हेच केलं असणार, कारण लॉकमधला गोंद काढायला मला दोन दिवस लागले. आणि जवसाची चिंधी बोळा करून कधीच टाकू नका. वाळताना ती तापते आणि बोळ्याच्या आतली उष्णता बाहेर पडली नाही तर आपोआप पेट घेऊ शकते. ४५ अंशांच्या मे महिन्यात, घरात भाव येईस्तोवर कापूस भरून ठेवलेला असताना, हा विचार अंगावर काटा आणतो. चिंधी अंगणात पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

एवढं सगळं करून पुढच्या पावसाळ्यात दोन्ही जुन्या जागा स्वच्छ राहिल्या. पण आता लॉकच्या पट्टीवर, गजावर, सगळीकडे मोहरीएवढे भगवे ठिपके आले. कुठल्याही एका जागी नाही, सर्वत्र. असा सर्वांगाला येणारा गंज लाकडातून किंवा जुन्या मिठातून येत नाही. तो खोलीच्या हवेतून येतो.

एक बारकं आर्द्रतामापक घड्याळ आणून संदुकीत ठेवलं. लोखंडाला साधारण ६० टक्क्यांच्या वर त्रास सुरू होतो. लाकूड-लोखंड एकत्र असलेल्या वस्तूला ४५ ते ५५ बरं, त्याहून फार कोरडं केलं तर दस्ता तडकतो. ऑगस्टमध्ये काटा ८० जवळ असणार हे धरून चाललो होतो, तसा तो होताच. धक्का मे महिन्याने दिला. बाहेर अंग भाजणारी कोरडी हवा आणि संदुकीत ७०. कारण कूलर. मार्चपासून जूनपर्यंत वाळ्याच्या ताट्यांमधून दिवसरात्र ओली हवा त्याच खोलीत. म्हणजे माझ्या बंदुकीला वर्षात दोन पावसाळे होते.

संदूक कूलरच्या खोलीतून हलवून मागच्या कोठीत नेली. महिनाभरात ठिपके दुप्पट. मी हवालदिल. आईला बोललो तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "त्या कोठीतलं तं कुलूपयी टिकत नाही बाप्पा. कायले नेली तिथं?"

कुलूप पाहिलं. कडी, कोयंडा, बिजागऱ्या, फवारणीच्या पंपाचा चाप, खुंटीवरचा विळा: सगळं खवल्यांनी भरलेलं. आणि भिंतीला लागून खताच्या पिशव्या. त्यातल्या दोन फाटक्या पिशव्या पोटॅशच्या, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश. त्याचं रसायनातलं नाव पोटॅशियम क्लोराइड. जे मीठ मी नळीतून तीनदा उकळतं पाणी ओतून काढलं, त्याच मिठाच्या पोत्याशेजारी मी बंदूक नेऊन ठेवली होती, आणि त्याचा धुरळा संदुकीच्या फटीतून आत जात होता. तुमची वस्तू ठेवायची जागा ठरवायची असेल तर त्या खोलीतली बिजागरी पाहा. घड्याळापेक्षा ती जुनी साक्षीदार.

बाकीचे प्रकार किरकोळ. बोटांच्या ठशाच्या आकाराचा गंज पाहुण्यांचा असतो. घाम म्हणजे मीठच. दाखवताना सुती हातमोजे द्या, नाहीतर पाहुणे गेले की लगेच पुसा. पट्ट्यासारखा किंवा शिवणीच्या रेषेत येणारा गंज खोळीचा. कातड्याची वा लोकरीची खोळ पाणी धरते, आणि कातड्याला टेकलेल्या पितळेवर हिरवं चढतं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळणं त्याहून वाईट, आतल्या आत घाम सुटतो. ज्यांच्या परवान्याच्या बंदुका निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा होतात त्यांनी खोळीशिवाय, मेणाचा हात देऊन, पावतीवर अवस्था लिहून घेऊन जमा कराव्यात.

थ्री नॉट थ्री जवळून पाहायला मिळते ती महाविद्यालयांच्या एनसीसीकडे, कवायतीसाठी निकामी केलेली. त्यांची सफाई ज्यांच्याकडे आहे त्यांना एकच सांगणं. ली-एनफिल्डचा मागचा दस्ता आधी फिरवून काढायला जाऊ नका. त्याच्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं, फिरवलं की पुढचं लाकूड फुटतं. आधी पुढचं लाकूड, सरळ खाली.  

आता माझी मांडणी अशी आहे. संदूक मधघरात, जमिनीपासून वीतभर वर, बाहेरच्या भिंतीपासून लांब, कूलर आणि खत दोन्हींपासून दोन खोल्या दूर. लोखंडावर संग्रहालयात वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण, वर्षातून एकदा. गाडीचं पॉलिश नको, त्यात खरडणारी पूड असते. बंदूक तोंड खाली करून, जाड पुठ्ठ्यावर उभी, म्हणजे जे काही तेल ओघळेल ते दस्त्यात उतरणार नाही. नारिंगी सिलिका जेलच्या चार पुरचुंड्या. हिरव्या झाल्या की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा नारिंगी करायच्या, पोह्यांसारख्या, फक्त घाई करायची नाही. ही कढई वेगळी ठेवली आहे, आईने बजावून.

यंदा पोळ्याला संदूक उघडली. पांढरी चिंधी तपकिरी झाली, भगवी नाही. गजाच्या टोकाला एक ठिपका होता, गव्हाच्या दाण्याएवढा. त्याला तेल लावून वहीत तारीख घातली आहे. दिवाळीला पुन्हा पाहीन.